गाळ, चाळणी आणि ट्रिपल झिरो ब्रश: फोरामच्या कामाची पहिली ओळख, बडोद्याहून

दिवाळीत दांडिया बाजारात माहेरी गेले की कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, तू म्हणे समुद्रातल्या शिंपल्यांवरून जुना पाऊस ओळखतेस?" मागच्या खेपेला शेजारची एक मुलगी वही-पेन घेऊनच आली. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र, पुढे हेच करायचंय म्हणाली. तिला दोन तास जे बोलले तेच इथे जरा नीट लावून लिहिते आहे. बडोद्याला समुद्र नाही. समुद्र म्हटलं की आपल्याला कमाटीबागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आठवतो, तेवढाच. तरीही या कामाची सुरुवात इथे बसून करता येते.

आधी ते काय आहे ते समजून घ्या

शिंपले नव्हेत. शिंपला म्हणजे तिसऱ्या, कालवं. आमचा जीव निराळा. त्याचं नाव फोरॅमिनिफेरा, पण लॅबमध्ये एवढं लांब कोणी म्हणत नाही, सगळे 'फोराम' म्हणतात. एका पेशीचा जीव. स्वतःभोवती घर बांधतो, बहुतेकदा चुन्याचं. मोठा झाला की जुनी खोली मोडत नाही, तिला लागून नवी, थोडी मोठी खोली काढतो. आपल्या जुन्या वाड्यांना मागून पडव्या जोडत गेले तसंच. खसखशीच्या दाण्याएवढा फोराम म्हणजे आमच्यात धिप्पाड. बहुतेक जण एक मिलिमीटरच्या आतच असतात.

काही फोराम वरच्या पाण्यात तरंगत जगतात. त्यांच्या आज हयात असलेल्या जाती पन्नासेक. तळाशी राहणाऱ्यांच्या मात्र हजारो. मेल्यावर सगळ्यांची कवचं तळाच्या गाळात जमतात, थरावर थर. जहाजावरून लांब नळी तळात खुपसून तो गाळ उभाच्या उभा बाहेर काढतात, त्याला कोअर म्हणायचं. तरंगत्यांची कवचं वरच्या पाण्याची बातमी देतात, तळच्यांची तळाची.

बातमी कशी मिळते? पाण्यातला ऑक्सिजन बहुतेक सगळा १६ वजनाचा असतो. सुमारे पाचशे अणूंत एखादा १८चा, जड. फोराम कवच बांधताना पाण्यातलाच ऑक्सिजन वापरतो आणि पाणी थंड असेल तर जड ऑक्सिजन जरा जास्त उचलतो. साधारण साडेचार अंशांनी पाणी थंडावलं की हजारात एकाचा फरक पडतो.

इथपर्यंत ऐकून नवी मुलं म्हणतात, म्हणजे थर्मामीटरच झाला की! थांबा. हिमयुगात हलका ऑक्सिजन वाफेतून जमिनीवर जाऊन बर्फात अडकतो आणि मागे राहिलेला समुद्र मुळातच जड होतो. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, एवढं पाणी बर्फात होतं. म्हणजे एकाच आकड्यात दोन निरोप मिसळलेले. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली या आकड्यांतून मुख्यतः समुद्राचं तापमान वाचलं. १९६७ साली निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की त्यात मोठा वाटा बर्फाचा आहे. आज आम्ही त्याच कवचातलं मॅग्नेशियमही मोजतो. ते पाण्याच्या उबेबरोबर वाढतं, अंशामागे साधारण नऊ टक्के. त्यावरून तापमान वेगळं काढलं की उरलेलं बर्फाचं आणि खारेपणाचं, आणि खारेपणातच पावसाचा, नद्यांच्या पाण्याचा हिशेब.

डोळा बसवा, खर्च न करता

मायक्रोस्कोप विकत घ्यायची घाई करू नका. दहा पट मोठं दाखवणारं हातातलं भिंग पुरे. घरातलं कोणी द्वारकेला जाणार असेल तर किनाऱ्यावरची मूठभर वाळू आणायला सांगा. काळी नको, पांढुरकी, कवचांच्या चुऱ्याची. घरी आणून गोड्या पाण्यात दोनदा खळबळा, वाळवा, मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली काळ्या कागदावर पसरा. रांगोळीसारखी दिसेल. भिंगातून मग एकेक वेगळा होतो: शंखाच्या फुटक्या कडा, प्रवाळाचा चुरा, आणि मध्येच एखादी गोगलगाईसारखी गुंडाळी किंवा चिनी मातीसारखा चकचकीत पांढरा दाणा. तो चकचकीत बहुधा मिलिओलिड, फोरामांचाच एक गट. त्याच्यावरूनच सौराष्ट्रातल्या एका दगडाला 'मिलिओलाइट' नाव पडलं आहे, ज्याला बाजारात पोरबंदरी दगड म्हणतात. बांधकामाच्या ठिकाणी त्याचा टवका मिळाला तर भिंगाखाली धरा.

या दगडाचा एक धडा सुरुवातीलाच शिकून ठेवा. मिलिओलाइट चोटीलाच्या डोंगरालगतही आहे, समुद्रापासून कितीतरी आत. फोराम काही डोंगर चढून गेले नाहीत. वाऱ्यानं किनाऱ्यावरची वाळू उडवत नेऊन तिथे टेकवली. कवच जिथे सापडलं तिथेच तो जीव जगला असं धरून चालायचं नाही. हा प्रश्न पुढे रोज येईल: हा इथला की आणलेला?

डोळ्यांनी नुसता दिसणारा फोराम हवा असेल तर न्युम्युलाइट बघा. भरूच-सुरतेच्या पट्ट्यात आणि कच्छात लखपतच्या बाजूला इओसीन काळातल्या (साधारण साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत ते खच्चून भरलेले आहेत. चपटे, गोल, नाण्यासारखे. नावाचा अर्थही 'छोटं नाणं' असाच. एका पेशीनं बांधलेलं एवढं मोठं घर हातात धरलं की गंमत वाटते. सुटा पडलेला तुकडा उचला, खडकावर हातोडी चालवू नका.

खंभातचा चिखल: सरावाला उत्तम, निष्कर्षाला नाही

आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. जंबुसरवरून कावी-कंबोईला गेलात की महीचं मुख दिसतं, आणि भरतीला पाण्याखाली जाणारं स्तंभेश्वराचं देऊळही. चिखलाचा नमुना घ्यायला जागा चांगली, पण एकट्यानं चिखलात उतरायचं नाही आणि भरतीची वेळ गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो. पाणी चालत येत नाही, धावत येतं.

वरवरचा एक सेंटिमीटर चिखल चमच्यानं खरवडून डबीत घ्या. धुतल्यावर कळेल की जवळजवळ सगळा वाहून गेला. उरली बारीक वाळू, अभ्रकाच्या चकत्या आणि मोजके लहानसे फोराम. त्यात ॲमोनिया नावाची गुंडाळी भेटेल. खाडीच्या मचूळ पाण्यात तिचं छान चालतं.

मग या चिखलातून जुना पाऊस का वाचायचा नाही? कारण इथली भरती रोज दोनदा तळ ढवळते. जुनं वर येतं, नवं खाली जातं, बाहेरचं आत येतं. पानं सुटी करून पिसलेली वही वाचण्यात अर्थ नाही. आम्हाला खोल, शांत तळ लागतो, जिथे हजार वर्षांत चार-पाच सेंटिमीटर गाळ गुपचूप बसतो.

तरी आखाताच्या आसपास फोराम कामाला आले आहेतच. लोथलचं मोठं विटांचं टाकं गोदी होती की गोड्या पाण्याचं तळं, हा वाद जुना आहे. त्याच्या गाळात समुद्री फोराम मिळाले आणि गोदीच्या बाजूला वजन पडलं. गोड्या पाण्याच्या तळ्यात ते कुठून येणार?

धुणं

लॅबमध्ये पहिले सहा महिने तुम्ही हेच करणार आहात, म्हणून मनाची तयारी ठेवा. कोअर कापून एक-दोन सेंटिमीटरच्या चकत्या केलेल्या असतात. त्यातला वाळलेला दहाएक ग्रॅम गाळ वजन करून बीकरमध्ये भिजत घालायचा. रात्रभर. गाळ चिकट असेल तर पाण्यात थोडं कॅलगॉन, माती सुटी करणारी पूड. सकाळी ६३ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचं. माती खाली जाते, फोराम वर राहतात. बोटानं चोळायचं नाही. हा मोह प्रत्येकाला होतो, कारण धार हळू असते आणि कंटाळा जलद येतो. पण बोट लावलं की पातळ कवचं फुटलीच. खालून येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत धार धरा, मग वर राहिलेलं फिल्टर पेपरवर उतरवा आणि पन्नास अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये वाळवा. डिस्टिल्ड पाणी जास्त शुद्ध म्हणून त्यात नमुना रात्रभर ठेवू नका. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून किंचित आम्लधर्मी होतं आणि चुन्याचं कवच आम्लात विरघळतं.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवायची. जाळीत अडकून राहिलेला आधीच्या नमुन्याचा कण निळा होतो. पुढच्या नमुन्यात निळा फोराम दिसला की ओळखायचं, हा पाहुणा आहे. बाजूला काढा, मोजू नका. इतकी साधी युक्ती, पण हिच्यामुळे वीस हजार वर्षांपूर्वीचा फोराम दहा हजारांच्या पंगतीत बसायचा वाचतो.

आणि लेबल. डबीच्या बाहेर मार्करनं, आत कागदाच्या तुकड्यावर शिसपेन्सिलीनं, दोन्हीकडे. बॉलपेननं लिहिलं तर ओलाव्यात पसरतं. एका संस्थेतून (नाव घेत नाही) आमच्याकडे चाळीस डब्या आल्या होत्या, नंबर फक्त झाकणावर. तिथे कोणीतरी कामाच्या उत्साहात सगळी झाकणं एकदम काढून, पुसून परत लावली होती. कुठलं झाकण कुठल्या डबीचं, हे कोणालाच सांगता येईना. समुद्राच्या तळातून आणलेला गाळ, आणि शेवटी तो आम्ही नवशिक्यांना धुणं शिकवायला वापरला.

निवडणं

इंग्रजी शिकलेले लोक पिकिंग म्हणतात, माझी आत्या एकदा लॅबमध्ये आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तू दिवसभर तांदूळ निवडतेस." बरोबरच आहे, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे.

वाळलेला नमुना कोरडाच पुन्हा चाळून बारीक दाणे वेगळे करतात; मोजणीसाठी साधारण १२५ किंवा १५० मायक्रॉनच्या वरचे घेतात. तरी त्यात हजारो कवचं असतात. मग स्प्लिटरमधून नमुना निम्मा, पुन्हा निम्मा करत अंदाजे तीनशे दाण्यांवर आणायचा. चमच्यानं 'थोडासा' घ्यायचा नाही. हलवलेल्या डबीत मोठे दाणे वर आणि बारीक तळाशी जातात, चिवड्यात शेंगदाणे आणि मीठ वेगळे होतात तसे. काळ्या ताटलीत, चौकटी आखलेल्या असतात तिथे, एका थरात पसरा. ट्रिपल झिरोचा ब्रश पाण्यात बुडवून टोक करा, टोकावर दाणा चिकटवा, साठ खणांच्या स्लाइडवर त्याच्या जातीच्या खणात ठेवा. खणात आधी पातळ डिंकाचा हात दिलेला असतो. ब्रशला टोक करायला तो जिभेला लावायची सवय जुन्या लोकांत आहे, तेवढी घेऊ नका.

सुंदर तेवढे आधी उचलायचे नाहीत. एका चौकटीतले सगळे, फुटके-तुटके, ओळखू न येणारे, कंटाळवाणे, सगळे घ्यायचे आणि मगच पुढच्या चौकटीत जायचं. जातींची टक्केवारी यावरच उभी राहते. ओमानच्या किनाऱ्याजवळ नैऋत्येचा वारा जोर धरतो तेव्हा खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडीस या जातीची चंगळ होते. म्हणून तिथल्या गाळात बुलॉइडीसचं प्रमाण वाढलं की मान्सूनचा वारा जोरात होता असं वाचतात. ही जात दिसायला साधी, चार फुगीर खोल्यांची, मागे राहिलेल्या पापडाच्या पिठाच्या गोळ्यांसारखी. नवशिके तिला सोडून मेनार्डी नावाच्या दुसऱ्या, देखण्या जातीच्या मागे लागतात, आणि मान्सून कागदावर दुबळा होतो!

पंखा बंद. हे मी वेगळं लिहिते आहे कारण बडोद्यात मे महिन्यात कोणाला पटत नाही. कोरडं कवच पोकळ असतं, वाऱ्याच्या झुळकेनं उडतं. एसी असेल तर त्याचं तोंड ताटलीकडे नको. मला एकदा शिंक आली आणि दुपारभराचं काम समोरच्या भिंतीवर गेलं. तेव्हापासून रुमाल उजव्या हाताला.

माझी दुसरी फजिती जास्त बोधक आहे. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर ही उबदार पाण्यातली लाडकी जात. तिचा एक प्रकार पांढरा, एक गुलाबी. हिंदी महासागरातून गुलाबी प्रकार सुमारे एक लाख वीस हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला, अटलांटिकमध्ये आजही आहे. म्हणून आपल्याकडच्या कोअरमध्ये गुलाबी रुबर दिसू लागला की आपण किती खाली पोचलो ते कळतं. मी नवी असताना अरबी समुद्रातल्या एका कोअरच्या अगदी वरच्या सेंटिमीटरमध्ये मला गुलाबी दाणे दिसले. एक नाही, सात. मी खुर्चीवरून उठलेच. इथला कायदा मोडणारा शोध! वरिष्ठांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हा नमुना रोझ बेंगालमध्ये होता ना?" होता. वरच्या थरातले फोराम गोळा करताना जिवंत होते की मेलेले हे कळावं म्हणून तो रंग घालतात. पेशी शिल्लक असेल तर ती गुलाबी होते. "मग तो गुलाबी बाटलीतला आहे, समुद्रातला नाही," एवढं बोलून ते चहाला गेले. नमुन्याला आधी काय काय केलं होतं ते वहीत वाचल्याशिवाय मी आता स्लाइड उघडत नाही.

वय आणि मशीन

याबद्दल नव्या मुलांना सर्वांत जास्त कुतूहल असतं आणि त्यांच्या हाताला सर्वांत कमी काम. ऑक्सिजन मोजायला एकाच जातीचे, एकाच मापाचे, उदाहरणार्थ २५० ते ३५५ मायक्रॉनमधले, दहा-वीस स्वच्छ दाणे देतात. माप एकच का? लहान-मोठे फोराम वेगवेगळ्या खोलीवर जगलेले असू शकतात, मग तापमानाची खिचडी होते. दाणे फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघणारा कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो. शंभर मायक्रोग्रॅमहूनही कमी चुना लागतो. मशीन कधीही आकडा द्यायला नकार देत नाही. तुम्ही दोन जाती मिसळून दिल्या, आत चिखल अडकलेले दाणे दिले, तरी ते दशांशचिन्हासह उत्तर देतंच.

वयासाठी त्याच कवचांतला कार्बन-१४ मोजतात. पन्नासेक हजार वर्षांपर्यंत चालतो. समुद्राचं पाणी स्वतःच 'जुनं' असतं, त्यासाठी साधारण चारशे वर्षं वजा करावी लागतात, आणि हा आकडा जागेनुसार बदलतो. त्याहून जुन्या थरांना ऑक्सिजनचा आलेख जगभरच्या आलेखाशी जुळवून वय देतात. शिवाय कोअरच्या गाळाचा वेग हजार वर्षांना पाच सेंटिमीटर धरला तर दोन सेंटिमीटरच्या चकतीत चारशे वर्षं असतात, आणि तळातले किडे तीही उलटीपालटी करतात. तेव्हा घरी कोणी विचारलं की शिवाजी महाराजांच्या वेळी अमुक साली पाऊस कसा होता, तर या कामातून ते सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगा. शतकांचे चढउतार मात्र दिसतात. सिंधूच्या मुखाबाहेरच्या एका कोअरमध्ये रुबरच्या ऑक्सिजनवरून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी नदीचं पाणी घटल्याची खूण मिळाली आहे. हडप्पा संस्कृतीचा उतार त्याच सुमाराचा. दोन्हींत नातं किती यावर भांडणं चालू आहेत आणि मला वाटतं ती चालू राहिलेली बरी.

दार कुठून

सयाजीराव विद्यापीठात भूगर्भशास्त्र आहे, सुरुवात तिथून सरळ आहे. पण रसायन, भौतिक किंवा प्राणिशास्त्रवालेही या कामात आहेत. मास स्पेक्ट्रोमीटर सांभाळणारे बहुतेक तेच. एम.एस्सी.साठी जॅम, पुढे नेट किंवा गेट, या परीक्षा द्याव्या लागतात. पीएच.डी.साठी गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र, लखनौची बिरबल साहनी संस्था, आणि बडोद्याहून दोन तासांवर अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी). घरचे विचारणारच, 'याला नोकरी काय?' त्यांना मकरपुऱ्याची ओएनजीसी दाखवा. तेलाच्या विहिरीतून वर येणाऱ्या चुऱ्यात फोराम बघून खडकाचं वय सांगणं हे तेलवाल्यांचं जुनंच काम आहे. त्यांना हवामानाशी देणंघेणं नाही, पण दाणे तेच.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी ईमेल करताना 'मला हवामानबदलाची आवड आहे' एवढंच लिहू नका, तसे रोज येतात. तुम्ही स्वतः धुतलेल्या एका नमुन्याचं लिहा: कुठला, किती ग्रॅम, धुतल्यावर किती उरला, त्यात काय दिसलं, काय ओळखता आलं नाही. मी तर असं पत्र आधी वाचते. जहाजाच्या मोहाने मात्र या क्षेत्रात येऊ नका. वर्षातून तीन आठवडे जहाज मिळालं तर नशीब, त्यातला पहिला आठवडा ओकाऱ्यांत. उरलेलं वर्ष खुर्ची, मायक्रोस्कोप आणि मान. खुर्चीची उंची पहिल्या दिवशीच नीट करून घ्या.

त्या मुलीला निघताना काडेपेटीभर द्वारकेची वाळू आणि माझा जुना ब्रश दिला होता. संक्रांतीला तिचा फोन आला.

"ताई, एक सापडला! गुंडाळीवाला, पूर्ण. पण उचलायला गेले आणि गायबच झाला."

"पंखा?"

तिकडे थोडा वेळ काही बोलणं नाही, मग बटण दाबल्याचा आवाज.